मला हिरवी दिसलेली कोळंबी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. ज्ञानाची तहान वगैरे काही लागली नव्हती. रत्नागिरीतल्या ज्या कॉलेजात मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होतो, तिथे माझ्यामागून लागलेले दोघेजण डॉक्टर झाले होते. स्टाफरूममध्ये चहा आला की शिपाई "डॉक्टरसाहेब, घ्या" म्हणत त्यांच्यापुढे कप ठेवायचा आणि तिसरा कप काही न बोलता माझ्यापुढे. त्या न बोलण्याचा मला त्रास व्हायला लागला.

मार्गदर्शक मिळाल्या त्या कोल्हापूरच्या, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत मी त्यांना "मॅडम" म्हणालो आणि त्या मला "सर" म्हणाल्या. पुढे सगळी वर्षं हे असंच चाललं. त्या माझा मसुदा लाल करून परत पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, "सर, कृपया पुन्हा लिहावे." इतक्या नम्रपणे कान पिळता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

विषय त्यांनीच दिला. जिवंत प्राण्याच्या शरीरात सिस्टीन नावाचं ॲमिनो आम्ल कुठे आहे ते उजेड पाडून दाखवणारा रेणू बनवायचा. घरी आल्यावर मी जेवताना बायकोला हे समजावून सांगितलं. बायको पोस्टात आहे, गोष्टी कमी शब्दांत सांगितलेल्या तिला आवडतात.

"प्रथिनांची माळ ज्या मण्यांची बनते ते मणी म्हणजे ॲमिनो आम्लं," मी म्हणालो. "त्यातला एक मणी सिस्टीन. आपल्या केसांत, नखांत पुष्कळ असतो. केस जळल्यावर जी घाण सुटते ना, ती बरीचशी त्यातल्या गंधकाची. तर मी एक रंगाचा रेणू करणार आणि त्याच्या डोक्यावर टोपी बसवणार. टोपी आहे तोवर तो गप्प. सिस्टीन भेटलं की ते टोपी काढून घेणार. मग अतिनील दिवा धरला की रेणू हिरवा चकाकणार."

"आणि दुसऱ्याच कोणी टोपी काढली तर?"

"नाही काढायची."

"त्यांना सांगणार कोण?" तिने आमटी वाढता वाढता विचारलं.

मी म्हटलं, तुला रसायनशास्त्र कळत नाही. तिचा प्रश्न बरोबर होता हे कळायला मला तीन वर्षं लागली.

प्रयोगशाळेत माझ्या मदतीला चाचा होते. चाचा राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचे. घरची मच्छीमारी, दोन भाऊ आखातात, आणि हे एकटेच पस्तीस वर्षांपूर्वी लॅब अटेंडंट म्हणून आमच्या कॉलेजात लागले ते इथलेच झाले. कुठल्या बाटलीचं बूच घट्ट बसतं, कुठल्या ॲसिडवर लेबल चुकीचं आहे, कुठल्या प्राध्यापकाच्या हातात काच द्यायची नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्या शेवटच्या यादीत माझं नाव वरच्या बाजूला असावं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. हे सांगून ठेवतो, कारण या डोळ्यावरून मी त्यांना एकदा जे बोललो ते अजून मला आठवतं.

पहिली अकरा संयुगं फसली. पाच डांबरासारखी निघाली, तीन काही केल्या चकाकेनात, दोन सिस्टीन नसतानाही चकाकत राहिली, आणि एक कुठे गेलं ते मला आजही माहीत नाही. बारावं मात्र पिवळी, कोरडी, शहाण्यासारखी पूड होऊन फ्लास्कच्या तळाशी बसलं. आम्ही स्टोअररूमच्या खिडकीला काळं कापड लावलं. वीस टेस्ट ट्यूबमध्ये वीस ॲमिनो आम्लं, प्रत्येकीत माझ्या पुडीच्या द्रावणाचे चार थेंब. अर्ध्या तासाने मी दिवा लावला. एकोणीस काळ्या आणि एक, फक्त एक, कोवळ्या भातासारखी हिरवीगार.

चाचा "माशाल्ला" म्हणाले. मी नाचलो. स्टोअररूम लहान असल्यामुळे नाच दोन पावलांचाच झाला आणि त्यात एक रिकामं स्टँड पडलं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान, सर. टेस्ट ट्यूब झाली. आता जिवंत प्राण्यात दाखवा."

माशांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते, त्याचे कागद हलायला वर्ष गेलं असतं. मॅडमनी मार्ग सांगितला. आर्टेमिया म्हणून खारट पाण्यातला एक बारीक जीव असतो, कोळंबीचाच लांबचा नातेवाईक. त्याची अंडी चहाच्या भुकटीसारखी कोरडी मिळतात, समुद्राच्या पाण्यात टाकली की दीड दिवसात पिल्लं बाहेर पडतात. कोळंबीच्या हॅचरीत ती खाद्य म्हणून वापरतात. चाचांचा मेव्हणा एका हॅचरीत कामाला होता. त्याने पावडरच्या डब्यात भरून अंडी पाठवली. आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅनभर पाणी आणलं, गाळलं, त्यात हवेचा छोटा पंप सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात केशरी ठिपके वळवळायला लागले. चाचांनी भिंग लावून बघितलं.

"ही तर जवळ्याची पोरं," ते म्हणाले. जवळा म्हणजे आम्ही सुकवून खातो ती नखाएवढी कोळंबी. शास्त्रीय नाव मी त्यांना दोनदा सांगितलं, पण आमच्या लॅबमध्ये तेव्हापासून त्यांना 'पोरं' हेच नाव पडलं.

आणि मग चाचा भाचीच्या लग्नाला चार दिवस नाट्याला गेले.

त्यांनी जाताना सांगितलं होतं, "सर, मी येईस्तोवर थांबा." मी कशाला थांबतो? शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी एकटा लॅबमध्ये गेलो. काचेची भांडी घासायचं द्रावण संपलेलं होतं. घर लांब नव्हतं. जाऊन कपड्यांची साबणपूड आणली, झकास फेस केला आणि सगळे बीकर स्वतःच्या हाताने घासले. प्राध्यापक असून स्वतः भांडी घासतोय याचं मला कौतुक वाटत होतं आणि त्या कौतुकाच्या भरात पाण्यातून काढणं जरा घाईत झालं. मग बीकरमध्ये समुद्राचं पाणी, पाण्यात पोरं, त्यात माझी पूड. सोमवारी सकाळी काळ्या कापडाआड मी दिवा लावला.

सगळी पोरं पेटली होती. हजारो ठिणग्या पाण्यात फिरत होत्या. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आजवरच्या आयुष्यात माझ्या हातून एवढं सुंदर काही झालं नव्हतं.

चाचा त्याच दिवशी हजर झाले, हातात लग्नातली मिठाई. मी त्यांना ओढतच आत नेलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"सर, निळं नाय काय दिसत?"

"हिरवं आहे, चाचा."

"त्या ट्यूबमधलं हिरवं होतं. हे निळं आहे."

"हिरवट आहे," मी म्हणालो. "तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग बोलू."

मिठाईचा पुडा टेबलावर ठेवून चाचा बाहेर गेले. नंतर एका नेत्रतज्ज्ञांनी मला सांगितलं की मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला निळा रंग उलट जास्त स्वच्छ दिसतो. म्हणजे त्या खोलीत आम्हा दोघांचे मिळून चार डोळे होते आणि त्यातला विश्वास ठेवण्याजोगा नेमका तोच एक होता.

पुढची चूक तर कुणाच्या मोतीबिंदूवर ढकलण्याजोगीही नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी इथल्या एका लहान दैनिकात बातमीदार आहे. तो कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी घ्यायला आला होता. मी त्याला म्हटलं, प्रदर्शन राहू दे, इकडे ये. काळ्या कापडाआड नेऊन मी त्याला पोरं दाखवली. तो हबकला.

"सर, याने माणसातला आजार पण दिसेल?"

आता इथे "नाही" हा दोन अक्षरी शब्द पुरला असता. मी म्हणालो, "सिस्टीनचं प्रमाण पुष्कळ आजारांत बदलतं. भविष्यात का नाही दिसणार?"

तिसऱ्या दिवशी बातमी आली. 'आजार दाखवणारा दिवा! रत्नागिरीच्या प्राध्यापकाचा शोध'. 'भविष्यात' हा शब्द कुठे गेला होता कोण जाणे. फोटोत मी दिवा उदबत्तीसारखा धरून उभा होतो. मी पाच अंक आणले. स्टाफरूममध्ये शिपायाने पहिला कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, घ्या." मी त्याला दुरुस्त केलं नाही.

मग मी पोरांचे फोटो आणि बातमीचं कात्रण मॅडमना पाठवलं. क्रम बघा. आधी पेपर, मग मार्गदर्शक. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सर, अभिनंदन. कंट्रोल कुठाय?"

कंट्रोल म्हणजे तीच पोरं, तेच पाणी, तेच भांडं, फक्त माझी पूड घातलेली नाही. ती काळी दिसली तरच पूड घातलेल्यांच्या चकाकण्याला अर्थ. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हे मी दर जुलैत शिकवतो.

"करतोय," मी म्हणालो. मराठीतला हा काळ फार सोयीचा आहे. केलेलं नसतं आणि खोटंही बोललेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. पूड न घातलेली पोरं बीकरमध्ये सोडली, तास-दोन तास ठेवली, दिवा लावला. ती तितकीच पेटली. मग मी पोरं नसलेलं, नुसतं पाणी असलेलं भांडं धरलं. त्याच्या काचेवर निळसर ओघळ चमकत होते. मग रिकामं भांडं धरलं, तेही चमकलं. चाचा मागे दारात उभे होते. ते आत आले तसा त्यांचा सदरा त्या दिव्यात निळा पांढरा झगमगायला लागला. दोघांनीही आधी सदऱ्याकडे बघितलं, मग बीकरकडे. एकच रंग.

"बीकर कुणी धुतले, सर?"

"मी."

"कशानं?"

मी सांगितलं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणपुडीत चकाकणारा रंग घालतात. उन्हातले न दिसणारे किरण घेऊन तो निळा उजेड देतो, म्हणून कापड उजळ दिसतं. हेही मी शिकवतो. दुसऱ्या वर्षाला.

चाचा हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे बीकर उचलले आणि बेसिनकडे नेले.

हे सगळं आवरून मी बाहेर येतो तो व्हरांड्यात एक गृहस्थ बसलेले. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलवर घडी घातलेला पेपर. चिपळूणहून सकाळच्या एसटीने आले होते. निवृत्त शिक्षक, हायस्कूलला गणित शिकवायचे.

"दिवा तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना आत बसवलं. त्यांनी फाइल उघडली. त्यांच्या मुलीला मूत्रखड्याचा त्रास होता. एकदा काढला, दोनदा काढला, तीनदा काढला, चौथ्यांदा झाला. मुलगी सव्वीस वर्षांची. शेवटच्या वेळी खडा तपासायला पाठवला, त्या रिपोर्टमध्ये एका शब्दाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती. सिस्टीन, असं ते वाचत होते. तसाच शब्द पेपरमधल्या बातमीत होता, त्याच्याखालीही रेघ होती.

"डॉक्टर चांगले आहेत," ते म्हणाले, "पण घाईत असतात. बातमी वाचली आणि वाटलं, हा शब्द माहीत असलेला माणूस आपल्याच जिल्ह्यात आहे. दिवा लावून बघता येईल का, आणखी कुठे साठतंय ते?"

त्या क्षणी माझ्या तोंडात काय वाक्य तयार होतं ते मला लख्ख आठवतं. 'संशोधन अजून सुरू आहे.' हे वाक्य खोटं नव्हतं. ते बोललो असतो तर ते गृहस्थ नमस्कार करून, थोडी आशा घेऊन परत गेले असते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा आले असते. चाचा चहाचे कप ठेवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण कप ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

"गुरुजी," मी म्हणालो, "दिव्यात काही नाही. कोळंबी चमकली ती साबणाने. मी भांडी नीट धुतली नव्हती. आज सकाळी कळलं."

मग त्यांनी पेपरची घडी पुन्हा नीट घातली.

"पडताळा आधी केला नाहीत?"

"नाही."

"उत्तर आधी आणि रीत मागून लिहिणारी मुलं माझ्या वर्गात असायची," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्यांना मी शून्य द्यायचो. पण वहीत 'चुकलं' असं स्वतःहून लिहिणारा एखादाच."

मला शून्यच योग्य वाटत होतं. पण ते उठेनात. प्रवास करून आलेला माणूस, चहा अर्धा राहिलेला. म्हणून मी रिपोर्ट हातात घेतला आणि नीट वाचला. रेघेवरचा शब्द माझ्या आम्लाचा नव्हताच. त्या आम्लाच्या दोन रेणूंचा जोड होता तो, इंग्रजी नावात एकाच अक्षराचा फरक. त्याच्याने माझ्या पुडीची टोपीदेखील हलली नसती. ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं की डॉक्टर सारखं पाणी प्या, पाणी प्या का म्हणतात, रात्री उठूनसुद्धा प्यायला सांगतात, मुलगी कंटाळते. हे मात्र मला येत होतं. मी कागद घेतला. हा जोड पाण्यात फार थोडा विरघळतो. शरीर तो लघवीत जास्त सोडतं, हा जन्माचाच दोष, तिने काही वेडंवाकडं खाल्लं म्हणून नव्हे. पाणी कमी पडलं की तो खाली बसतो आणि खडा बनतो. म्हणून पाणी. मी साखरेचं उदाहरण दिलं, मग मिठाचं, मग त्यांच्यासाठी त्रैराशिक मांडलं.

"म्हणजे एवढ्याला एवढं पाणी, तर दुप्पटीला दुप्पट," ते म्हणाले.

"बरोबर. आणि ते दिवसभर वाटून. बाकी औषधाचं डॉक्टर सांगतील तसं."

त्यांनी माझ्याकडून तो कागद मागून घेतला आणि फाइलमध्ये रिपोर्टच्या पुढे लावला. विद्राव्यता हा धडा मी वीस वर्षं शिकवत होतो. तो कुणी एवढं लक्ष देऊन ऐकल्याचं मला आठवत नाही. जाताना ते म्हणाले, "आलोच आहे तर ती कोळंबी दाखवा तरी." चाचांनी त्यांना साध्या उजेडात, साध्या भिंगातून पोरं दाखवली. ते एक डोळा मिटून खूप वेळ बघत होते.

ते गेल्यावर मी बातमीदाराला फोन लावला.

"खुलासा छाप."

"सर, कशाला? लोक विसरतील."

"आज एक माणूस चिपळूणहून आला होता," मी म्हणालो.

त्याने छापला. नळपाणी योजनेच्या जाहीर सूचनेखाली, बोटभर जागेत: 'ती चकाकी साबणाची. प्राध्यापकांचा खुलासा'. मूळ बातमी न वाचलेल्या लोकांनीसुद्धा हा खुलासा वाचला. मारुती मंदिराजवळच्या दुकानात साबण घ्यायला गेलो की दुकानदार विचारायचा, "कुठला देऊ, सर? चमकणारा?" सहकाऱ्यांनी माझ्या खुर्चीवर साबणपुडीचं पाकीट ठेवलं. शिपाई चहा ठेवताना पुन्हा काही बोलेनासा झाला, पण आता त्याच्या न बोलण्यात हसू असायचं.

चाचांची माफी मागायला मला आठवडा लागला. मी म्हणालो, "डोळ्याचं बोललो ते चुकलं."

"दुसऱ्याचं पण करून घेतो," ते म्हणाले, "मग तुम्हाला दोन्हीकडनं सांगता येईल." आणि त्यांनी मला नवं द्रावण कुठे ठेवलंय ते दाखवलं.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी भांडी चाचांनी धुतली आणि मी बघत उभा राहिलो. पोरांचे तीन गट केले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात माझी पूड. तिसऱ्यात आधी एक रसायन घातलं, जे शरीरातल्या गंधकवाल्या रेणूंची तोंडं बंद करून टाकतं, आणि मग पूड. माझा रेणू खरा असेल तर फक्त दुसरा गट चकाकायला हवा. आमच्या दिव्याखाली दुसऱ्या गटात काहीतरी हिरवं असल्यासारखं वाटत होतं, पण 'असल्यासारखं' या शब्दावरचा माझा विश्वास उडाला होता. मॅडम म्हणाल्या, "इकडे घेऊन या, सर. चांगल्या मायक्रोस्कोपखाली बघू."

पोरं तीन थर्मासमध्ये भरली, एकेकावर चिकटपट्टी लावून आकडा घातला आणि मी कोल्हापूरच्या एसटीत बसलो. आंबा घाटात वळणं सुरू झाली तसे मी तिन्ही थर्मास मांडीवर घेतले. शेजारच्या बाईंना मळमळायला लागलं. त्यांच्या नवऱ्याने मला विचारलं, "दादा, गरम पाणी आहे का? एक घोट द्या."

"यात पाणी नाही," मी म्हणालो.

"मग चहा?"

"कोळंबी आहे."

"तिन्हीत?"

"तिन्हीत. पण वेगवेगळी."

त्यांनी बायकोची जागा बदलून घेतली आणि स्वतः मधे बसले. मलकापूरपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मॅडमच्या मायक्रोस्कोपची खोली थंडगार होती. पहिला गट: काळा. आतड्याच्या जागी थोडी अंधुक चमक, ती सगळ्यांच्यातच असते, मॅडम म्हणाल्या. तिसरा गट: तसाच. दुसरा गट त्यांनी काचेखाली सरकवला आणि खुर्ची मला दिली. मी बघितलं. पोरांच्या अंगभर, पायांच्या मुळाशी थोडा जास्त, असा फिका हिरवा उजेड होता. ठिणग्या नव्हत्या. पावसाळ्यात भिंतीवर चढलेल्या शेवाळासारखा उजेड, लक्ष देऊन बघावं तेव्हा दिसणारा.

"हिरवं आहे ना, मॅडम?" मी विचारलं.

"हिरवं आहे, सर." मग त्या म्हणाल्या, "पण हे सिस्टीनच कशावरून?"

टेस्ट ट्यूबमध्ये मी वीस आम्लं तपासली होती. पण पेशीत सिस्टीनचा एक मोठा भाऊ असतो, ग्लुटाथायोन. त्यालाही तसंच गंधकाचं टोक असतं आणि तो सिस्टीनपेक्षा कितीतरी जास्त असतो. रत्नागिरीला परत येऊन मी त्याच्यावर पूड तपासली. तो टोपी सावकाश काढत होता, पण काढत होता. म्हणजे कोळंबीच्या अंगात दिसलेल्या उजेडातला माझ्या सिस्टीनचा वाटा किती आणि भावाचा किती, हे मला सांगता येत नव्हतं.

प्रबंधाचं नाव बदललं. आधी त्यात 'सिस्टीनचा निश्चित शोध' असं होतं. आता 'गंधकयुक्त लहान रेणूंचे दर्शन' अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी नाव पडलं, आणि 'निश्चित' गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यातलं तुम्हाला खात्रीने काय सांगता येईल?" मी म्हणालो, "तिसऱ्या गटात चकाकत नाही, एवढं खात्रीने." ते थोडं हसले आणि पुढचं पान उलटलं. पदवी मिळाली.

तोवर चाचा निवृत्त होऊन गावी गेले होते. प्रबंधाची एक प्रत घेऊन मी नाट्याला गेलो. घर खाडीच्या अंगाला, अंगणात जाळं वाळत घातलेलं. चाचींनी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण केलं होतं. मी आभाराचं पान उघडून चाचांना मराठी करून वाचून दाखवलं: रंग ओळखण्याचं काम त्यांनी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा बरोबर केलं, असं तिथे लिहिलं होतं. चाचा कानकोंडे झाले. "ह्ये इंग्रजीत बरं दिसतं," म्हणाले.

मग ते फोटोंची पानं एकेक करून बघू लागले. आता त्यांचे दोन्ही डोळे नवे होते. दुसऱ्या गटाच्या फोटोवर ते थांबले.

"सर, ही पोरं नंतर जगली?"

हा प्रश्न मॅडमनी विचारला नव्हता, परीक्षकांनीही नाही, आणि मलाही कधी सुचला नव्हता. मी आठवून बघितलं. कोल्हापूरहून मी रिकामे थर्मास घेऊन परत आलो होतो.

"माहीत नाही, चाचा. तिथेच राहिली. दोन दिवस जगली असतील."

चाचांनी मान हलवली. प्रबंध मिटून त्यांनी तो जेवणाच्या ताटांपासून लांब, खिडकीत ठेवला. चाची आतून म्हणाल्या की भाकरी गार होते, आणि आम्ही जेवायला लागलो.